आम्ही येऊन राहिलो

अर्ध्या नागपूरला समुद्र मधुकररावांनी दाखवला, असं म्हटलं तर ते थोडं वाढवून सांगणं होईल, खोटं मात्र नाही. सीताबर्डीवर व्हरायटी चौकातून आत वळलं की चपलांच्या एका दुकानाच्या डोक्यावर टूर्सवाल्याचं ऑफिस आहे. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलाशी मधुकरराव केस काळे होते तेव्हापासून बसत आले. हातावरची मेंदी अजून उतरलेली नाही अशी जोडपी जिना चढून यायची, खुर्चीच्या टोकावर अवघडून बसायची, आणि मधुकरराव चष्मा पुसत विचारायचे, "डोंगर की पाणी?"

पोरगी पोराकडे बघायची, पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "पाणी" असं कुणीतरी पुटपुटलं की मधुकररावांची गाडी सुटायची. "सकाळी दार उघडायचं, की समोर तो. जिथं पाणी संपतं तिथून आभाळ सुरू होतं, आणि मधली रेघ शोधून सापडत नाही. लाट येताना पांढरी असते, जाताना हिरवी. पाण्यात पाय ठेवून उभं राहायचं. पायाखालची वाळू कुणीतरी हळूच काढून घेतंय असं वाटतं. तेव्हा घाबरायचं नाही. हात धरून ठेवायचा."

शेवटच्या वाक्याला पोरगी हमखास लाजायची आणि बुकिंग होऊन जायचं. परत आल्यावर कुणी कुणी पेढे घेऊन यायचे आणि सांगायचे, "काका, तुम्ही म्हटलं तसंच होतं बघा, अगदी तसंच." मधुकरराव मान डोलवायचे. एवढं ठाम बोलणाऱ्या या माणसाने गावातल्या अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार!

त्यात फसवणूक नव्हती. जाणं राहून गेलं होतं इतकंच. थंडीत सगळी जोडपी समुद्रावर जातात, म्हणून थंडीत मधुकररावांना सुटी नाही. उन्हाळ्यात लग्नसराई, म्हणजे त्यांच्या बायकोला, प्रेमिलाला, मान वर करायला फुरसत नाही. ती नागपूरच्या कडेला बेसात, आपल्या घरी ब्लाउज शिवायची, आणि बेसातल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्याच मापाच्या भरवशावर बोहल्यावर चढायच्या. पावसाळ्यात दोघांनाही वेळ असायचा, तेव्हा समुद्र खवळलेला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कुणी हट्ट धरून ओढत नेईल असंही नव्हतं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता प्रेमिलाच्या वेणीत पांढरं दिसायला लागलं.

ते जोडप्यांपुढचं बोलणं मात्र दोघांनी मिळून घडवलेलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला मधुकरराव संध्याकाळी घरी सराव करायचे आणि ती मशीन चालवता चालवता दुरुस्त्या सांगायची. "निळाशार कायले म्हणता? सगळेच म्हणतात. कोणी मानत नाही," असं तिनेच म्हटलं, म्हणून निळाशार गेला आणि येताना पांढरी, जाताना हिरवी अशी लाट आली. ती लाट मुळात एका परत आलेल्या नव्या नवरीने सांगितलेली. हात धरून ठेवायचं तेवढं प्रेमिलाच्या डोक्यातून निघालं होतं.

ही ऑफिसची भाषा मधुकरराव कोकणातल्या, गोव्यातल्या हॉटेलवाल्यांशी फोनवरही वापरत. "आमचे पाहुणे शुक्रवारी दुपारी पोहोचत आहेत, खोली समुद्राकडची द्यावी," असं अगदी छापल्यासारखं. घरी आले की बुटांबरोबर ती भाषाही दाराशी उतरायची. "आज लय डोकं खाल्लं वं एका जोडप्यानं," म्हणत ते खुर्चीत पडायचे, आणि काटोलकडचं त्यांचं खेडं त्यांच्या जिभेवर येऊन बसायचं.

तर असं सुरळीत चाललेलं असताना गेल्या दिवाळीच्या सुमाराला प्रेमिलाने एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. हसण्यावारी गेलं. मग ती दाराच्या चौकटीला धडकली. मग गॅसवर ठेवलेलं दूध समोर उतू जाताना तिला दिसलं नाही, नुसता वास आला. मधुकरराव तिला रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू होता. कधीपासूनचा, ते देवाला ठाऊक. त्याने काठाकाठाने नजर खात आणली होती आणि तिला वाटत होतं की वय झालं, दिवा मंद आहे.

"किती दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बांगडीतून पाहिल्यासारखं दिसते जी," ती म्हणाली. "बांगडीच्या आत सगळं साफ आहे. बाहेर काहीच नाही."

गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. किती टिकेल हे मधुकररावांनी पुन्हा पुन्हा विचारलं. चांगला माणूस होता तो, खोटा धीर देण्यापेक्षा त्याने सांगता येत नाही असंच सांगितलं. खाली येऊन दोघं ऑटोत बसली. मग साधं बाजारातून मीठ आणायचं राहिलं असं सांगावं तशी प्रेमिला म्हणाली, "समुद्र पाहाचा राहूनच गेला न माहा."

हजार जोडप्यांना पाठवताना आपल्या घरात एक बाई शिलाई मशीनपाशी बसून ते सगळं ऐकते आहे, हे आपल्याला एकदाही कसं सुचलं नाही, याची मधुकररावांना इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. "काहून राहीन?" ते म्हणाले. "चाल न, जाऊ. पंधरा दिवसात जाऊ." पंधरा दिवसांत काही होणार नाही हे तोंडातून निघतानाच त्यांना माहीत होतं, कारण हंगामातलं बुकिंग म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार.

दुसऱ्या दिवसापासून ते हात धुऊन त्या सहलीच्या मागे लागले. दोन माणसांची चार दिवसांची सहल, जी ते एरवी चहा निवायच्या आत उरकत, ती त्यांना जमेना. एका ठिकाणी समुद्र होता पण मध्ये रस्ता होता. एका ठिकाणी खोली छान, पण गच्चीवर चढल्याशिवाय पाणी दिसायचं नाही, आणि पायऱ्या तर प्रेमिलाला आता दिसतच नव्हत्या. गोव्यात गर्दी, तिथे तिला धक्के बसतील. शिवाय त्यांना असा किनारा हवा होता की जिथे बांगडीएवढ्या भोकातूनसुद्धा नुसतं पाणीच दिसेल, होड्या नकोत, छत्र्या नकोत, उंट नकोत. मालक हसून म्हणाले, "मधुकरराव, स्वतःचं बुकिंग करताना फार नखरे करता बुवा." मधुकररावांना हसू आलं नाही.

शेवटी त्यांना यमुताई आठवल्या. गुहागरच्या पलीकडे एका छोट्या गावात या एकट्या बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. अंगणाला लागूनच वाळू, वाळूपुढे समुद्र, मध्ये काही नाही. मधुकररावांनी बरीच जोडपी तिकडे पाठवली होती, आवाजाने दोघं एकमेकांना ओळखत. संक्रांतीनंतरच्या शनिवारची खोली मिळाली, तीही पायऱ्या नसलेली. रात्रीची मुंबईची गाडी, तिथून कोकणची, चिपळूणला उतरून जीप. सगळं ठरलं. प्रेमिलाने तिखटाच्या पुऱ्या करायचं ठरवलं आणि यमुताईंसाठी संत्री घ्यायचं मधुकररावांनी.

आणि मग तो फोन आला. निघायच्या आधीच्या आठवड्यात मधुकरराव रामदासपेठेत औषधाच्या दुकानाबाहेर उभे होते. हातात डोळ्यांत टाकायच्या थेंबांची पिशवी, कारण प्रेमिलाची बांगडी आता अंगठीएवढी झाली होती आणि डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं होतं. बाजूने हॉर्न वाजत होते, मन ठिकाणावर नव्हतं, आणि तेवढ्यात यमुताई फोनवर विचारत होत्या, "नक्की ना हो तुमचं? एक मुंबईचं कुटुंब खोलीसाठी फार मागे लागलंय."

एरवी मधुकरराव म्हणाले असते, आम्ही शनिवारी पोहोचत आहोत. पण त्या वेळी ऑफिसची भाषा त्यांच्यापाशी नव्हतीच. जीव इतका टांगणीला लागला होता की घरातलीच बोली तोंडातून निघाली. "हो जी ताई! आम्ही येऊन राहिलो न! दोघंही येऊन राहिलो!"

नागपुरात शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. येऊन राहिलो म्हणजे येतो आहोत, निघालोच समजा. पण कोकणातल्या बाईला ते कसं कळावं? तिकडे येऊन राहिलो म्हणजे येऊन, राहून झालेलं. यमुताईंनी गोंधळून विचारलं, "राहिलात? कधी?"

मधुकररावांना हॉर्नच्या आवाजात फक्त 'कधी' ऐकू आलं. "शनिवारी!" ते ओरडले.

"बरं, बरं. आवडलं ना?"

"हो, हो!" मधुकरराव म्हणाले, आणि फोन कटला. ते मोठ्या समाधानाने ऑटो शोधायला लागले. तिकडे यमुताईंना थोडं वाईट वाटलं, की एवढ्या ओळखीचा माणूस, बायकोला घेऊन गेल्या शनिवारी आला, दुसऱ्याच कुणाकडे राहून गेला आणि आपल्याला साधं भेटलाही नाही. त्यांनी खोली मुंबईच्या कुटुंबाला देऊन टाकली.

निघायच्या दिवशी सकाळी मधुकररावांनी ऑफिसातून ऑफिसच्या भाषेत फोन केला, "आम्ही उद्या संध्याकाळी पोहोचत आहोत," तेव्हा कुठे हे उघड झालं. यमुताई पलीकडून रडकुंडीला आल्या. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिलो! मला वाटलं, येऊन गेलात." मधुकरराव खुर्चीत बसूनच राहिले. मग त्यांनी दिवसभर फोन फिरवला. ज्यांना ज्यांना त्यांनी गिऱ्हाइकं दिली होती त्या सगळ्यांना. या आठवड्यात खोल्या भरलेल्या, आणि पुढच्या आठवड्यात सव्वीस जानेवारीची जोडून सुटी होती. कुणाकडे जागा नव्हती. एकाकडे होती ती दुसऱ्या मजल्यावर, गोल लोखंडी जिन्याची. यमुताईंनी आपली झोपायची खोली देऊ केली, पण त्या खोलीला दोन उंच पायऱ्या होत्या आणि संडास अंगणाच्या टोकाला होता.

प्रेमिला पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. "तरी चाला न," ती म्हणाली. "वाळूवर बसू दिवसभर, अन् रात्रीच्या गाडीनं वापस येऊ. खोली कायले पाहिजे आपल्याले?"

आणि इथे मधुकररावांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. ते नाही म्हणाले. उभा जन्म लोकांच्या सहली आखलेला माणूस, खोलीशिवाय बायकोला परमुलखात कसा नेणार? ती पडली तर? थेंबांची बाटली थंड जागी ठेवावी लागते, ती कुठे ठेवणार? "असं घाईघाईत नको वं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात नीट जाऊ." तिने डब्याचं झाकण लावलं. हे 'नीट' मधुकररावांना फार महागात पडलं.

पुढचा महिना संपता संपता एका सकाळी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. डोळ्यातला दाब वाढला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून मधुकरराव देवाला म्हणत होते की बाबा, मी दुसरं काही मागत नाही, एक बोटभर नजर ठेव, बोटभर. अंगठीएवढी पण नको, सुईच्या नेढ्याएवढी ठेव, मी तिच्या नेढ्यासमोर समुद्र आणून उभा करतो. शेजारी बसलेल्या बाईने त्यांच्याकडे बघून आपलं तोंड वळवलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण हे मोठ्याने बोलत होतो.

पट्टी निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, धूसर दिसेल, स्थिरावायला वेळ लागेल, प्रवास सध्या नको. पुढची तारीख महिन्याने होती. मधुकरराव रोज सकाळी विचारायचे, "दिसून राहिलं का वं?" आणि ती रोज म्हणायची, "दिसून राहिलं न. हळूहळू." मशीनवर तिने चादर टाकून ठेवली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका सांगितलं म्हणून, असं म्हणाली. चहा पिताना कपाची कड आधी बोटाने चाचपायची. मधुकररावांनी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे विचार केला नाही, कारण पुढे विचार केला असता तर रोज सकाळी उठून सीताबर्डीला जाणं त्यांना जमलं नसतं.

एप्रिल लागला. ऊन तापलं, बेसातल्या घराघरातून कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या. रेल्वेची तिकिटं मिळेनात, जी मिळत ती वेटिंगची. मधुकररावांची झोप उडाली. दिवस हातातून सुटत चालले आहेत असं त्यांना सारखं वाटायचं, आणि ऑफिसात जोडप्यांपुढे बसल्यावर तोंडातून शब्दच फुटेनासे झाले. एका पोरीला त्यांनी "डोंगर की पाणी" विचारलं, ती पाणी म्हणाली, आणि मधुकरराव तिच्याकडे नुसते बघत राहिले. मालकांनीच त्यांना घरी पाठवलं.

घरी येता येता त्यांना ते सुचलं. इतकं साधं, की आधी का सुचलं नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनी यमुताईंना फोन करून विनवलं, "ताई, एक उपकार करा. वाळूवर जाऊन व्हिडिओ कॉल लावा. निदान एवढं तरी तिच्या डोळ्यात पडू द्या. पुढचं कोणी पाहिलंय?" त्या खोलीचं यमुताईंच्या मनाला अजून लागून होतं. त्या लगेच निघाल्या.

दुपार होती. मधुकररावांनी कूलर बंद केला, म्हणजे लाटांचा आवाज नीट येईल. खिडकीचा पडदा ओढला. प्रेमिलाला पलंगावर बसवून फोन तिच्या तोंडासमोर धरला, जवळ, अगदी वीतभर अंतरावर. स्पीकर लावला. घंटी वाजली, जोडलं गेलं, आणि त्या बंद खोलीत एकदम समुद्राचा आवाज भरला. वारा, आणि त्याच्या मागे काहीतरी मोठं, येणारं आणि मागे जाणारं. यमुताईंचा आवाज त्यात तुटक येत होता, "हा बघा! दिसतोय ना?"

मधुकररावांनी मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन काळा होता. ठार काळा. त्यात त्यांचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. चित्र आलं नाही अजून, थांब, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"पाहून राहिली न मी," प्रेमिला म्हणाली.

मधुकररावांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तो काळाच होता.

"केवढा आहे वं माय!" ती म्हणाली. तिचा चेहरा फोनकडे होता आणि त्यावर हसू होतं. "जिथं पाणी संपते न, तिथूनच आभाळ सुरू होऊन राहिलं. मधली रेघ दिसतच नाही पाहा. अन् लाट येताना कशी पांढरी आहे, जाताना हिरवी."

एकेक शब्द मधुकररावांचा होता. इतकी वर्षं त्यांनी चष्मा पुसत पुसत लोकांना विकलेला एकेक शब्द ती त्यांना परत देत होती. त्यांना हंबरडा फोडावासा वाटला. कधी गेली तिची नजर? कोणत्या दिवशी? रोज सकाळी ती 'दिसून राहिलं' म्हणत होती, ते कुणाच्या डोळ्यांसाठी? त्यांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अहो, थांबा हं, मला वाटतं माझं—" यमुताई म्हणायला लागल्या, तेवढ्यात मधुकररावांनी झडप घातल्यासारखं बोट मारून स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून ते बाल्कनीत गेले. मागे दार लोटून घेतलं.

"—माझं बोटच होतं हो त्या कॅमेऱ्यावर!" यमुताई सांगत होत्या. "उन्हात मला काही दिसतच नव्हतं. आता बघा, आता येतंय. वहिनींना द्या फोन."

मधुकररावांनी फोन कानावरून काढला नाही. आता त्या काचेवर खरा समुद्र होता, त्यांच्या गालाला टेकलेला, पण त्यांनी तो पाहिला नाही. "नको, ताई," ते म्हणाले. "तिनं पाहिला. पाहून राहिली."

मग यमुताई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे... अजून बघतायत, असंच ना? तुमच्याकडचं मला आता थोडं थोडं कळतं."

उद्या सकाळी आधी रामदासपेठ गाठायचं, तारखेची वाट पाहायची नाही, हे मधुकररावांच्या मनात आलं होतं. डॉक्टर काय म्हणतील, तेही आलं होतं. गेलेलं परत येत नाही. खाली रस्त्यावर उन्हात एक कुत्रं गाडीच्या सावलीत शिरत होतं. त्यांनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि मग ते म्हणाले, "ताई, डॉक्टर हो म्हणाले का ती बिनापायऱ्याची खोली आमच्यासाठी ठेवा. तिकीट असो नसो, उभ्यानं येऊ. आम्ही येऊन राहिलो."

"येताय," यमुताई म्हणाल्या. "समजलं मला. या."

ते आत आले तेव्हा प्रेमिला पलंगावर तशीच बसली होती, हात मांडीवर, तोंड बाल्कनीच्या उजेडाकडे. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "झालं न मनासारखं?" ती म्हणाली. "पाहिला मी समुद्र. आता तिकिटाच्या मांगं लागू नका. झोपत नाही तुम्ही, जेवत नाही. आता कायले जायाचं तिकडे?"

म्हणजे यासाठी होतं ते. तिला मोकळं व्हायचं नव्हतं, त्यांना मोकळं करायचं होतं. मधुकरराव तिच्या शेजारी बसले. काहीतरी बोलायला हवं होतं आणि खरं बोलून चालणार नव्हतं.

"तू पाहिला," ते म्हणाले. "मी कुठं पाहिला?"

"म्हणजे? तुम्ही इथंच होते न माह्याजवळ."

"चष्मा नव्हता वं डोळ्यावर. ऑफिसात राहिला. मले काहीच नाही दिसलं त्या फोनवर, नुसतं काळंकाळं." ते भरभर बोलत होते. "एवढी वर्षं लोकाईले सांगतो, अन् मी एकदा नाही पाहिला. तुले तर आता माहीत झाला कसा असते तो. तू चाल न, मले दाखवाले."

प्रेमिलाने हात उचलला. हवेत थोडा चुकला, मग त्यांच्या खांद्याला लागला, खांद्यावरून गळ्याकडे, हनुवटीकडे, गालावर. पूर्वी ती माप घ्यायची तशी बोटं हळूहळू वर सरकली, आणि कानाजवळ चष्म्याच्या काडीपाशी येऊन थांबली.

चष्मा होता तिथेच होता. मधुकररावांना तो काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं.

तिची बोटं काडीवर तशीच होती. मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. तिने दोन्ही हातांनी तो चष्मा सावकाश काढला, पदराच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी, आणि चाचपत चाचपत परत त्यांच्या नाकावर बसवला. एक काडी कानाच्या खाली गेली, ती तिने वर घेतली.

"खोली बिनापायऱ्याची सांगितली का?" तिने विचारलं.

"सांगितली."

"मंग काढा तिकिटं." मग ती म्हणाली, "अन् तिथं पाण्यात उभी राहिली का हात धरून ठेवजा बावा. वाळू सरकते म्हणतात. मले आता..."

मधुकररावांनी खाली पाहिलं. तिचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता, केव्हा धरला ते त्यांना कळलंही नव्हतं.

"धरून राहिलो न," ते म्हणाले.